अँटेना आधी हातात द्या, सूत्र मागून येईल

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणाऱ्या ताई बडोद्यात एका मराठी मंडळाच्या सुट्टीतल्या वर्गात आठवी ते दहावीच्या पंचवीसेक मुलांना हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायचे बिनतारी संभाषण, शिकवतात. स्वतःचा परवाना त्यांना नुकताच मिळाला आहे. मागच्या वर्षी अँटेनाच्या तासाला त्यांनी फळ्यावर तरंगलांबीचे सूत्र लिहिले आणि दहा मिनिटांत मुले खिडकीबाहेर बघायला लागली. यंदा हाताशी दोन तास आहेत, पैसे बेताचेच. तर मुलांना काय करून दाखवावे?

ताई, तुमचे सूत्र बरोबर होते, पण त्याची वेळ चुकली. मुलांनी अजून काहीच डोळ्यांनी पाहिलेले नसते, तेव्हा ‘३०० भागिले मेगाहर्ट्झ’ म्हणजे त्यांच्या दृष्टीने आणखी एक पाठांतर. मी इथे वीस-बावीस वर्षे असे वर्ग घेतो आहे आणि माझा क्रम आता ठरून गेला आहे. आधी लांबी हाताला कळू द्यायची, मग आडवे-उभे, मग दिशा. मीटर सगळ्यांत शेवटी बाहेर काढायचा. आणि प्रत्येक प्रयोगाआधी ‘आता काय होईल?’ असे विचारून हात वर करायला लावायचे, कोणत्या बाजूला किती मते पडली ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. ज्याने अंदाज बांधला आहे तो मुलगा इकडेतिकडे बघत नाही. आपले बरोबर येते की नाही, यात त्याचा जीव अडकलेला असतो.

सुरुवात दोरीने करा. कपडे वाळत घालायची जाड सुती दोरी घ्या, चार-पाच मीटर. नायलॉनची नको, ती हलकी असते आणि लाट नीट उठत नाही. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरे एका मुलीच्या हातात द्या. सावकाश हलवली की मधोमध एकच मोठा फुगा येतो. वेग दुप्पट केला की दोन फुगे होतात आणि दोरीचा मधला बिंदू जागचा हलत नाही. आता दुसऱ्या मुलाला सांगा, त्या स्तब्ध बिंदूला बोट लाव. लाट तशीच चालू राहते. मग फुग्याला बोट लावायला सांगा. लाट मरते. हे बोट लावणे वगळू नका, दोरीच्या प्रयोगाचा सगळा अर्थ त्यातच आहे.

मग सांगा की बांधलेले टोक हलू शकत नाही, तसा तारेच्या टोकाशी विद्युतप्रवाहाला पुढे जायला रस्ता नसतो, म्हणून टोकांशी प्रवाह शून्य आणि मधोमध सर्वांत जास्त. एका फुग्याची दोरी म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची तार. केबल मधोमध का जोडतात, हे इथे सांगितले की बसते. व्होल्टेजचे उलटे असते, ते टोकांशी जास्त. म्हणून प्रक्षेपण चालू असताना अँटेनाच्या टोकाला हात लावायचा नाही. एवढे पुरे. दोरीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

आता मुख्य प्रयोग. दोन तासांत एकच गोष्ट दाखवायला मिळाली तर मी हीच दाखवीन. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या ओढून लांब होणाऱ्या दोन दांड्या घ्या. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे किंवा भंगारात त्या सहज मिळतात. दोन्ही एकाच लांबीच्या हव्यात आणि पूर्ण ओढल्यावर निदान साठ सेंटिमीटर भराव्यात. वीतभर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर दोन्ही समोरासमोर बसवा, मध्ये एक-दोन सेंटिमीटर फट ठेवा आणि त्या फटीत एक लाल एलईडी जोडा. एलईडीला समांतर, पण उलट्या दिशेने, एक जलद डायोड लावा. जर्मेनियमचा ओए ७९ चालतो, शॉटकी डायोड मिळाला तर उत्तम. तो लावला नाही तर उलट्या अर्ध्या फेरीत प्रवाहाला परतीचा रस्ता मिळत नाही आणि एलईडी मिणमिणते किंवा पेटतच नाही. बॅटरी लावायची नाही, आणि मुलांना ते मुद्दाम दाखवायचे. पाइपचा तुकडा हातोहात फिरू द्या, उलटसुलट करून बघू द्या की आत सेल लपवलेला नाही.

तुमचा पाच वॅटचा हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ संच, एका स्टुलावर उभा ठेवा. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची मोकळी जागा आधी ऐकून घ्या, तिथे कुणी बोलत नाही याची खात्री करा, कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह, म्हणा आणि बटण दाबा. बटण तुमच्याच बोटाखाली हवे, परवाना तुमच्या नावावर आहे. पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त एका दमात प्रक्षेपण नको. हँडी तापतो आणि मुले जवळ असतात. दांड्यांचा डायपोल (दोन सारख्या भागांचा, मधोमध जोडलेला अँटेना) हँडीपासून साधारण पाऊण मीटरवर, उभा धरायचा. आधी दांड्या पूर्ण मिटलेल्या असू द्या. एलईडी अंधारी. मग एक मुलगा दोन्ही दांड्या सारख्याच, थोड्या थोड्या ओढत जातो. चाळिशीच्या पुढे लाल ठिपका दिसू लागतो, ४६ ते ४९ सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी तो झळाळून पेटतो, आणि साठला नेला की पुन्हा मंदावतो. जास्त लांब तार जास्त पकडेल, असे बहुतेक मुलांनी आधी हात वर करून सांगितलेले असते. तो समज इथे डोळ्यांदेखत मोडतो.

खोलीत पडदे ओढून थोडा अंधार करा आणि प्रयोग आदल्या दिवशी घरी करून बघा, कारण प्रत्येक एलईडी सारखी नसते. फिकट लाल, जुन्या पद्धतीची एलईडी कमी व्होल्टेजला पेटते. पांढरी किंवा निळी घेतलीत तर निराशा पदरी येईल.

जिथे सर्वांत लख्ख पेटली तिथे दांड्या तशाच ठेवून एका मुलीला टेपने मोजायला सांगा आणि आकडा फळ्यावर लिहा. आता सूत्र काढा. ३०० भागिले १४५ म्हणजे २.०७ मीटर, त्याचा चौथा भाग ५१.७ सेंटिमीटर. मुलांचा आकडा याहून थोडा कमी आलेला असतो आणि कुणीतरी लगेच विचारते, का कमी? हा प्रश्न फळ्यावरून सुरुवात केली तर कधीच येत नाही. टोकांचा परिणाम असतो, दांडीला जाडी असते, म्हणून तार साधारण पाच टक्के आखूड घ्यावी लागते; दांडी जाड असेल तर आणखी थोडी. तयार आकडा हवा असेल तर १४३ भागिले मेगाहर्ट्झ, आला अर्ध्या तरंगाचा डायपोल मीटरमध्ये.

लगेच ७.१ मेगाहर्ट्झचा हिशोब करायला लावा. वीस मीटर येतात. मुलांना वर्गाबाहेर काढून वीस मीटर पावलांनी मोजायला सांगा, एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरा, मधोमध केबल धरलेला तिसरा. मघाशी हातात मावत होता तो डायपोल तोच, फक्त आता वाड्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजची दूरध्वनी व्यवस्था कोलमडली, तेव्हा हॅम मंडळी कच्छात जाऊन निरोप पोचवत होती, हे मी याच ठिकाणी सांगतो. दोन झाडांत टांगलेली वीस मीटर तार, एक रिग (रेडिओ संच) आणि गाडीची बॅटरी एवढ्यावर गावाचा संपर्क उभा राहू शकतो. मुले ते वीस मीटर पायांनी चाललेली असतात, म्हणून त्यांना ते खरे वाटते.

परत आत या आणि पेटलेला डायपोल हळूहळू आडवा करा. हँडी उभाच. एलईडी मंद होत होत विझते. पुन्हा उभा केला की पेटते. पोलरायझेशन, म्हणजे लहर उभी की आडवी हे, शिकवायला याहून सोपे काही मला सापडलेले नाही.

इथे एक खबरदारी घ्या, कारण यात अनुभवी शिक्षकही फसतात. पोलरायझेशन समजावताना खिडकीच्या उभ्या गजांतून दोरी ओवून उभी लाट पार जाते, आडवी अडते, असे दाखवण्याची पद्धत आहे. दोरीपुरते ते खरे आहे. पण रेडिओ लहरींचे नेमके उलटे असते! उभ्या तारांची जाळी उभी लहर अडवते आणि आडवी सोडते, कारण उभे विद्युतक्षेत्र त्या तारांमध्ये प्रवाह नाचवते आणि तारा ती लहर परत फेकतात. मुलांनी दोरीचा प्रयोग पाहिला असेल तर ती ठामपणे चुकीचे उत्तर देतील, आणि म्हणूनच मला हा प्रयोग फार आवडतो. लाकडी पट्ट्यांची मीटरभर चौकोनी चौकट करा, तिच्यावर दर पाच सेंटिमीटरला एक तांब्याची तार ताणून बांधा. यासाठी हँडी ४३५ मेगाहर्ट्झवर न्या आणि दांड्या सोळा सेंटिमीटरच्या करा. १४५ ला तरंग दोन मीटरचा असतो आणि एवढ्याशा चौकटीला वळसा घालून जातो. ४३५ ला एलईडी जरा मंदच पेटते, म्हणून अंतर अर्ध्या मीटरवर आणा. चौकट मध्ये धरा. तारा उभ्या असताना एलईडी विझते, चौकट नव्वद अंशांत फिरवली की पेटते. मग दोरीची आठवण द्या आणि मुलांना आपसात भांडू द्या. पाच मिनिटे मध्ये बोलू नका.

जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर हेच काम केले. त्यांनी एकदा रेल्वेच्या जाड वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथिलाचा वर्ख घालून त्याचा पोलरायझर म्हणून उपयोग केला. आपली चौकट तेच करते, फक्त तरंग मोठा म्हणून तीही मोठी. आपल्या देशात हे सव्वाशे वर्षांपूर्वी हाताने करून पाहिले गेले आहे, हे मुलांना कळले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

अर्ध्या डायपोलची गोष्ट लवकर उरकता येते. हँडीवरचा अँटेना म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा भाग हँडीचे धड आणि आपला हात सांभाळतो. ४९ सेंटिमीटरची एक लवचीक तार हँडीच्या अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कड्याला घट्ट गुंडाळून खाली लोंबती सोडा. समोरच्या मुलाच्या डायपोलमधली एलईडी आता थोड्या जास्त अंतरावरही पेटेल. फरक किती पडेल ते हँडीवर आणि हातावर अवलंबून असते, त्यामुळे ठोक आकडा सांगू नका, मुलांनाच अंतर मोजू द्या. कुणाच्या घरी जुनी ॲल्युमिनियमची परात असेल तर मधोमध भोक पाडून तिच्यावर ४३५ चा साडेसोळा सेंटिमीटरचा उभा खिळा बसवता येतो, तो वर्गात फार शोभतो. चुंबकाच्या बुडाचा अँटेना मात्र स्टीलच्या परातीवर ठेवायला जाऊ नका. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, तो भर वर्गात आडवा पडेल. लोखंडी कपाटाचा माथा बरा.

मीटरबद्दल मला जरा कळकळीने सांगायचे आहे. आता नॅनोव्हीएनए हा अँटेना तपासायचा छोटा मीटर काही हजारांत मिळतो आणि नवे हॅम पहिल्याच आठवड्यात तो घेतात. चांगले आहे. पण मग सगळे शिक्षण एसडब्ल्यूआरच्या, म्हणजे केबलमधून शक्ती किती परत येते ते सांगणाऱ्या, आकड्याभोवती फिरायला लागते, आणि एक पूर्णांक एक आला की अँटेना चांगला, असे मुलांच्या मनात घट्ट बसते. म्हणून मीटर बाहेर काढल्यावर मी पहिली गोष्ट ही करतो: कनेक्टरच्या टोकाला ५१ ओहमचा एक छोटा कार्बन रेझिस्टर लावून पडद्यावरची रेघ दाखवतो. इकडून तिकडे सरळ, एकाच्या जवळ. मग विचारतो, हा अँटेना कसा आहे? बहुतेक मुले म्हणतात, एकदम मस्त. मग तोच रेझिस्टर ऐकणाऱ्या रेडिओला अँटेना म्हणून लावतो आणि मघाशी खणखणीत येणारा आवाज नुसती खरखर होतो. आकडा सुंदर, पण लहर बाहेर जातही नाही आणि आत येतही नाही. जे जाईल त्याची नुसती उष्णता होईल. एसडब्ल्यूआर फक्त एवढेच सांगतो की केबलने दिलेली शक्ती परत आली की नाही. ती पुढे कुठे गेली, हे दूर ठेवलेली एलईडी किंवा दूर बसलेला माणूसच सांगू शकतो. हा प्रयोग पाच रुपयांचा आहे आणि तो न पाहिलेली, वर्षानुवर्षे चुकीच्या मागे धावणारी मोठी माणसे मी पाहिली आहेत.

यानंतर मीटर खऱ्या कामाला लावा. दांड्यांच्या डायपोलमधून एलईडी काढून केबल जोडा आणि दांड्या एक-एक सेंटिमीटर ओढत पडद्यावरची खळगी कशी डावीकडे सरकते ते बघू द्या. लांब केले की मेगाहर्ट्झ खाली, आखूड केले की वर. तार नेहमी जास्त कापायची, मग टोक दुमडत किंवा छाटत यायचे, हे त्या खळगीकडे बघून मुले स्वतःच बोलतात.

केबलसाठी डिश टीव्हीची उरलेली आरजी-६ चालते, तिचा ७५ ओहम डायपोलच्या ७३ ला जवळचा आहे. फक्त तिची बाहेरची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर सोल्डरचा डाग बसत नाही. मी पहिल्या वर्षी एक अख्खी दुपार इस्त्रीसारखी सोल्डरिंग गन तापवून त्यात घालवली होती. जाळीला पकडीने दाबून बसवायचा कनेक्टर लावा किंवा स्क्रूखाली दाबा.

उभ्या ट्यूबलाइटला अँटेनाजवळ नेऊन पेटवायचा प्रयोग तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. दिसायला तो भारीच. मुलांच्या वर्गात मी तो करत नाही आणि तुम्हीही करू नका. त्याला जास्त शक्ती लागते, मुले टोकाजवळ जातात, आणि काच फुटली तर आतला पारा बाहेर येतो.

दिशा शिकवायला परवानाही लागत नाही. कुणाच्या आजोबांचा मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर मागवा. दिवसा आकाशवाणी अहमदाबाद ८४६ किलोहर्ट्झवर किंवा जे स्टेशन स्पष्ट लागेल ते लावा आणि रेडिओ हातात आडवा धरून सावकाश गोल फिरवा. एका जागी आवाज खोल जातो. रेडिओच्या आत फेराइटची काळी कांडी असते, तिचे टोक स्टेशनकडे झाले की आवाज पडतो; अहमदाबादसाठी ती वायव्येकडे झुकते. आवाज सर्वांत मोठा कुठे हे कानाला नीट ठरवता येत नाही, सर्वांत लहान कुठे हे मात्र लगेच कळते, म्हणून दिशा नेहमी पडलेल्या आवाजावरून काढायची. रात्री हा प्रयोग फसतो, कारण लहर वरूनही येते आणि खड्डा पुसट होतो.

वेळ उरला तर, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, टेपची यागी, म्हणजे एकाच दिशेचे जास्त ऐकणारा अँटेना. पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणि एक स्वस्तातला पोलादी मेजरिंग टेप. मागचा घटक १०५ सेंटिमीटर, पुढचा ८९, मधल्याचे ४५-४५ चे दोन तुकडे आणि त्यांच्यात अडीच सेंटिमीटर फट. मागच्यापासून मधला २० वर, मधल्यापासून पुढचा ३२ वर. फटीवर साधारण १३ सेंटिमीटर तारेचा यू आकार डागायचा, त्याने केबलशी जुळते. डाग देण्याआधी टेपचा रंग पॉलिश पेपरने खरवडून काढा, आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा, ती टोके ब्लेडसारखी असतात. ही यागी घेऊन मी मुलांना कमाटी बागेत नेतो. कमी शक्तीवर मधून मधून बोलणारा एक छोटा प्रक्षेपक एका सहकाऱ्याजवळ ठेवायचा, तो कुठल्यातरी बाकावर वर्तमानपत्र वाचत बसतो, आणि मुलांनी त्याला शोधायचे. फार जवळ गेले की सगळ्याच दिशांनी सिग्नल भरून येतो. तेव्हा हँडी पाच किलोहर्ट्झ बाजूला सरकवायचा, किंवा अँटेना काढून हँडी छातीशी धरून गोल फिरायचे. ज्या दिशेला पाठ केल्यावर आवाज पडतो, त्याच दिशेला, म्हणजे पाठीमागे, माणूस आहे.

पहिल्या दिवशी हे सगळे करू नका. दोरी, एलईडी, आडवे-उभे आणि रेझिस्टर, एवढ्यात दोन तास भरतात. चौकट आणि यागी पुढच्या वेळी. गच्चीवर वीस मीटरचा डायपोल बांधायचा असेल तर विजेच्या तारांपासून लांब बांधा. तार तुटून पडली तरी त्यांच्यावर पडणार नाही इतके लांब. उत्तरायणाच्या चार दिवस आधी मी माझा उतरवूनच ठेवतो, नाहीतर गल्लीतल्या प्रत्येक कापलेल्या पतंगाला अडकायला तो सापडतो आणि तो सोडवायला मुले कठड्यावर चढतात.

दांड्यांच्या चार जोड्या आणि ती चौकट माझ्याकडे तयार आहेत. रविवारी सकाळी रावपुऱ्यात येऊन घेऊन जा, परत करायची घाई नाही. फक्त दांड्यांच्या टोकाची बोंडे मुले फिरवून फिरवून काढतात आणि मग ती टोके डोळ्याला धोक्याची होतात, तेवढी वर्ग सुटताना मोजून घ्या. आठ आहेत.